बेचाळीस डाव आणि लाल पेन

आमच्या कंपनीत नापास झालेल्या पार्टवर लाल खूण करतात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली मध्यम आकाराची कंपनी, आणि मी तिथल्या तपासणी विभागात. गेज म्हणजे माप तपासायचा साचा, तो लावायचा, बसला तर पार्ट पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल. एकोणीस वर्षं हेच करतोय. या कामानं माणसाचा स्वभाव बिघडतो, असं माझी बायको म्हणते. भाजीत मीठ कमी आहे हे मी ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात लोक घरच्यांशी बोलत नाहीत, असं तिचं म्हणणं. पूर्वी मी ते हसण्यावारी न्यायचो.

पुढे जे लिहितोय ते माझ्या सासऱ्यांना न विचारता लिहितोय. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि मी लगेच ऐकलं असतं. नको तेव्हा त्यांचं ऐकायची मला सवय आहे.

कंपनीतून घरी आलो की माझा दुसरा तपासणी विभाग सुरू होतो. बुद्धिबळ खेळण्यापेक्षा बुद्धिबळाची इंजिनं तपासण्याचा मला नाद आहे. इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्रॅम. जगात असे कितीतरी आहेत, आणि आज त्यातलं मोबाइलवरचं साधं इंजिनही जगज्जेत्याला हरवतं. त्यामुळे साध्या डावात त्याची परीक्षा होत नाही. त्याला मुद्दाम शोधून काढलेली अवघड स्थिती द्यावी लागते, पटावर मोहरी अशी मांडलेली की दिसतं एक आणि असतं भलतंच. माझ्याकडे अशा तीनशे स्थितींची फाइल आहे. एखाद्या स्थितीत पांढऱ्याकडे वजीर जास्त असतो, पण काळ्यानं असा कोट बांधलेला असतो की पांढऱ्यानं जन्मभर डोकं आपटलं तरी आत शिरता येत नाही. बऱ्या खेळाडूला हे पाच मिनिटांत कळतं. इंजिन मात्र छातीठोकपणे सांगत राहतं की पांढरा जिंकतोय.

मला त्याला असं चुकताना पकडायला फार आवडायचं. एकेका स्थितीला दहा मिनिटं द्यायची, कुठलं इंजिन कुठं फसलं ते लिहायचं, आणि रविवारी इंटरनेटवरच्या एका मंडळावर निकाल टाकायचा. तिथं जगभरातले माझ्यासारखे पंधरा-वीस वेडे आहेत, त्यांच्यात मला थोडी किंमत आहे.

या कामाचा पहिला नियम मीच नव्या लोकांना शिकवतो. स्थिती रचणारा माणूस म्हणतो एक आणि इंजिन म्हणतं दुसरं, असं झालं तर दोघांपैकी कुणालाही चूक ठरवायच्या आधी आपली मांडणी तपासायची. मोहरी जागेवर आहेत का, चाल कुणाची आहे, कुठल्या नियमानं खेळायचं आहे. एकदा युरोपातल्या एका जुन्या रचनाकाराची स्थिती इंजिननं खोटी ठरवली होती. माझा विश्वास बसेना. एवढा मोठा माणूस चुकेल कसा? मी लॅपटॉप तीन दिवस चालू ठेवला, खाली हवा लागावी म्हणून दोन पोळपाट ठेवले, आणि घरात कुणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी कळलं की एक प्यादं मीच एक घर डावीकडे मांडलं होतं. त्या माणसाला मी तीन दिवस दिले, आणि आमचे दोन पोळपाटही दिले.

आता सासऱ्यांकडे येतो. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचं गाव देवळ्याच्या पलीकडे, शेती कांद्याची, आणि शिक्षण जुनी सातवी. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे नाशिकला आले. लेकीच्या घरी फुकट जेवायचं नाही हा त्यांचा कायदा आहे, त्यामुळे नाशिकच्या द्वारका चौकात ते गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर कांद्याची एक गोणी, बाजरीच्या पिठाचा डबा आणि मेथीच्या जुड्या होत्या. रिक्षावाल्यानं गोणीकडे पाहून तोंड वाकडं केलं. मीही केलं असणार, कारण बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

रात्रीची जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. ठेवताना ती दोन्ही हातांनी धरली होती. आत पट्टीनं आखलेले बुद्धिबळाचे पट होते, एका पानावर एक, एकूण बेचाळीस. मोहऱ्यांच्या जागी रा, व, ह, उं, घो अशी अक्षरं, आणि खाली बारीक अक्षरात, ‘पांढऱ्याची चाल. चार चालींत मात.’ उत्तरं कुठेच नव्हती.

"हे मी बसवलेले डाव हायत," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत जमले तेवढे. आता चैत्रात मला पंचाहत्तर लागतं, तर मारुतीच्या पारावरचे लोक म्हणतात, आबा, याचं पुस्तक छापू. सटाण्याला प्रेस हाय. पण छापलेलं पुसता येत नाय. तुमच्या मशीनमधून एकदा काढा, जावईबापू. तुम्ही बरोबर म्हटलं म्हंजे झालं."

बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, वहीकडे पाहत होते. पंचाहत्तरीला आलेला माणूस, पण परीक्षेचा पेपर मास्तरांपुढे ठेवलेल्या पोरासारखे ते बसले होते, आणि मला ते बरं वाटलं. हे मी आज कबूल करतो. मला बरं वाटलं. सासरवाडीत मी कायम शहरातला, कांद्याचं बी आणि रोप यातला फरक न कळणारा जावई. कधी नव्हे ते त्यांना माझ्याकडून काही हवं होतं.

मी पानांचे फोटो काढले आणि दोन संध्याकाळी बसून सगळ्या स्थिती संगणकात भरल्या. एकेकीला मी एक मिनिट दिलं. दहा नाही, एक. गावाकडच्या माणसानं पट्टीनं आखलेल्या डावाला दहा मिनिटं द्यायची गरज आहे असं माझ्या मनातही आलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

पहिल्याच डावात इंजिननं चारऐवजी दोनच चालींत मात काढली. म्हणजे रचना कच्ची. दुसऱ्यात मात होतच नव्हती. तिसऱ्यात पांढरा उलट हरत होता. मला उत्साह चढत गेला. कंपनीच्या शर्टाच्या खिशात लाल पेन होतं, ते काढलं आणि त्यांच्या वहीत, त्यांच्या अक्षराखाली, लिहीत सुटलो. ‘चूक. दोन चालींत मात.’ ‘चूक. मात नाही.’ ‘चूक.’ ‘चूक.’ सतराव्या डावावर तर मी उद्गारचिन्ह दिलं, कारण त्यात एक प्यादं शेवटच्या घरात नेऊन वजीर केला की खेळ संपत होता, आणि आबांनी तिथं पाच चाली लिहिल्या होत्या. बेचाळीसपैकी छत्तीस चूक निघाले. उरलेल्या सहांना मी बरोबरची खूण केली, तीही लाल.

कंपनीत बेचाळीसपैकी छत्तीस पार्ट नापास झाले असते, तर मी पार्ट बाजूला ठेवून आधी गेज तपासला असता. हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. सगळा लॉट एकदम फेल गेला तर मशीनवाल्याला शिव्या घालायच्या आधी आपलं माप बघा.

वही घरच्या घरी परत दिली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दर रविवारी सकाळी आमचा सात-आठ जणांचा बुद्धिबळाचा गट एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. बँकेतले, कॉलेजातले, एक डॉक्टर. ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, तर आबांना घरी बसून कंटाळा येईल म्हणून मी त्यांना तिकडे घेऊन गेलो. निदान बायकोला मी तसं सांगितलं. बरोबर लॅपटॉप आणि वही घेतली.

खोलीत मोठा टीव्ही आहे, त्याला मी लॅपटॉप जोडला. गटाला म्हटलं, आज एक गंमत दाखवतो, आमच्या सासऱ्यांनी बेचाळीस डाव रचलेत, आणि इंजिन त्यांना काय म्हणतं ते पाहा. मग एकेक स्थिती पडद्यावर. मी विचारायचो, आबा, इथं किती चाली म्हणालात? ते सांगायचे, चार. मी बटण दाबायचो आणि इंजिन दोनात मात दाखवायचं. लोक हसले. वाईट हसले नाहीत, वडीलधाऱ्या माणसासमोर हसतात तसे जरा आवरून हसले. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढा छंद जोपासला हेच खूप आहे. ते ऐकून मी मान डोलावली.

सतरावा डाव आला. मी प्यादं शेवटच्या घरात नेलं आणि त्याचा वजीर केला. आबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा हात थोडा वर आला, टीव्हीच्या दिशेनं, काहीतरी दाखवायला. मग त्यांनी खोलीत बसलेल्या लोकांकडे एकदा मान फिरवली, आणि हात परत मांडीवर ठेवला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "जावईबापू म्हणतात तर तसंच असंल."

त्यांच्या डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा होता, त्यामुळे चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी पाहिलंच नाही. मी अठरावा डाव लावत होतो.

घरी आल्यावर बायकोनं वही उघडली. दोन-तीन पानं उलटली आणि मला विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?" मी म्हटलं, चुका होत्या, त्या दाखवायला नकोत का, छापून हसं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "लालच कशाला?" मी म्हटलं, खिशात तेच होतं. तिनं वही कपड्यांच्या घडीसारखी नीट मिटून आबांच्या पिशवीत ठेवली.

चार दिवसांनी आबा गावाला गेले. जाताना मला म्हणाले, तुम्ही लय वेळ घालवला. बेचाळीस मिनिटं, मी मनात हिशेब केला, आणि तेव्हाही काही वाटलं नाही.

चैत्रात त्यांची पंचाहत्तरी झाली. बायको औक्षणाला गेली. मी गेलो नाही, कारण त्याच आठवड्यात एका इंजिनाची नवी आवृत्ती आली होती आणि मंडळावरचे लोक माझ्या निकालाची वाट पाहत होते. पुस्तकाचं काय झालं हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग आखाजी आली. आमच्या सासरच्या मुलखात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि लेकी माहेरी जातात. मी बायकोला सोडायला गेलो. घरात शिरलो तेव्हा आबा मळ्यात होते, कांदा साठवणीच्या चाळीत भरायचं काम चालू होतं. उन्हात तिकडे जाण्यापेक्षा बरं म्हणून मी मारुतीच्या पारावर जाऊन बसलो. तिथं आबांचे एक जुने मित्र बुद्धिबळाचा पट पसरून बसले होते. मी त्यांना काका म्हणतो. पट कापडाचा होता, त्यावर काळी-पांढरी घरं नव्हती, नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. त्यांनी मला बसायची खूण केली. रविवारच्या गटातही मी नुसतं इंजिन दाखवायचो, बऱ्याच वर्षांत माणसाशी खेळलो नव्हतो. हरकत नाही म्हटलं, म्हाताऱ्याला जरा सांभाळून खेळू.

डाव माझ्या बाजूनं होता. त्यांचं एक प्यादं माझ्या घोड्याच्या मूळ घरापर्यंत पोहोचत होतं, पण ते वजीर झालं की दुसऱ्याच चालीला मी त्याला मारणार होतो. सगळं पाहून ठेवलं होतं. प्यादं शेवटच्या घरात आलं. काकांनी ते उचललं, त्याच्या जागी एक घोडा ठेवला, आणि त्याच दमात तो घोडा अडीच घरं उडवून माझ्या राजाला शह दिला. राजाला जायला घर नव्हतं.

"काका, हे कसं?" मी म्हटलं. "वजीर का नाही केला? आणि एका वेळी दोन चाली?"

"पाव्हना, हाऊ देशी डाव शे," काका म्हणाले. "घोडाना घरमा प्यादं गयं का घोडाच व्हस. अन् व्हताच उडी मारस."

मला अहिराणी अर्धीमुर्धीच कळते, पण हे पूर्ण कळलं. प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचतं तेच मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. घोड्याच्या घरात घोडा, आणि त्याला लगेच एक उडी मिळते. हवा तिथं वजीर करायची सोय नाही. आपल्याकडे पूर्वी सगळे असंच खेळत. मी लहानपणी कुणाकुणाकडून ऐकलं होतं, आणि अडाणी लोकांचा चुकीचा खेळ म्हणून सोडून दिलं होतं.

काका मोहरी गोळा करत मराठीत बोलायला लागले, बहुधा माझं तोंड पाहून. "आबाचा सतरावा डाव या उडीवरच हाय. लय भारी डाव. या भागात तिघांनाच सुटलाय, त्यातला मी एक. पण आबा म्हणतो, मशीनमधून काढले, सगळे कच्चे निघाले. पुस्तक नको म्हणला. चाळीस वर्षं आम्ही ते सोडवतोय, कच्चे कसे निघतील? तुम्हीच सांगा, तुम्हाला त्यातलं कळतं."

मी काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी पुटपुटलो. त्या संध्याकाळी मी कंपनीचं काम काढून नाशिकला परत आलो. आबा मळ्यातून यायच्या आत निघालो. पळालो असंच म्हणायला हवं.

आपल्याला हवे तसे नियम भरता येतात असं एक इंजिन आहे, ते मला माहीत होतं. मी कधी वापरलं नव्हतं, कारण मंडळावर त्याला कुणी विचारत नाही. देशी नियम एकेक करून त्यात घातले. प्यादं पहिल्या चालीला एकच घर चालणार. राजाला एकदा घोड्याची उडी. जे आठवेना ते बायकोला फोन करून तिच्या काकूला विचारायला लावलं, कारण कळलं असं की घरातल्या बायकाही हा खेळ जाणतात. मग फोनमधले ते फोटो उघडले. वहीवर लाल लिहायच्या आधी काढलेले फोटो, त्यामुळे पानं स्वच्छ होती.

या वेळी प्रत्येक डावाला मी पूर्ण वेळ दिला. सतराव्याला एक अख्खा दिवस दिला. पाच चालींत मात. चारात नाही, सहात नाही, पाचातच, आणि पहिली चाल अशी की ती पाहून मी खुर्चीतून उठलो. आपला हत्ती फुकट देऊन टाकायचा आणि प्यादं पुढे ढकलायचं. चुकीच्या नियमांनी मी त्याला उद्गारचिन्ह दिलं होतं. माझ्या तीनशेच्या फाइलमध्ये याच्या तोडीच्या स्थिती फार तर वीस असतील.

बेचाळीसपैकी एकेचाळीस बरोबर निघाले. फक्त एकोणतिसाव्यात दोन उत्तरं निघत होती.

सगळी फाइल मी याच गोष्टीचा पुरावा म्हणून जमवली होती, की यंत्र छातीठोकपणे चुकू शकतं. आणि एका माणसापुढे यंत्र चुकलं असेल, किंवा यंत्राला सांगणारा चुकला असेल, ही शंका मला शिवली नाही. शिवली नाही कारण तो माणूस गोणी घेऊन आला होता. दुसरं काही कारण मला सापडत नाही, आणि मी पुष्कळ शोधलं आहे.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गावाला गेलो. आबा चाळीपाशी बसून सडके कांदे वेगळे काढत होते. मी शेजारी बसलो आणि एकदम सांगून टाकलं. की मी चुकलो, की माझ्या मशीनमध्ये इंग्रजी नियम होते, की सगळे डाव बरोबर आहेत. मी कागदही आणला होता, बेचाळीस ओळींचा. त्यांनी तो हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि वरून खाली वाचला.

"एकोणतिसावा," ते म्हणाले. "त्यात दोन हायत. मला ठावं हाय. नव्या माणसाला एखादा तरी सुटावा म्हणून ठेवलाय."

"बाकीचे बरोबर आहेत हेही तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"तुम्ही प्यादं वजीर केलं तव्हाच कळलं. म्हटलं, हे इंग्रजी खेळतायत."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी एक कांदा दाबून पाहिला आणि बाजूला टाकला. "चार लोक बसले व्हते. तुमचे मित्र. त्यांच्यासमोर जावयाला खाली पाहायला लावू व्हय?"

"घरी आल्यावर तरी."

"घरी पोरगी व्हती," ते म्हणाले.

तिच्यासमोर तिच्या नवऱ्याला कमी करायचं नाही म्हणून हा माणूस आपली चाळीस वर्षं पिशवीत घालून परत गेला होता. मी म्हटलं, वही आणा, मी ते लाल सगळं खोडतो, पुस्तक छापू, खर्च मी करतो, पहिल्या पानावर लिहितो की चूक माझी होती. मी फार भराभर बोलत होतो.

"लाल शाई जात नाय, कागद फाटतो," आबा म्हणाले. "अन् तसं लिहून पुस्तक छापायचं? मंग लोक डाव पाहतील का तुम्हाला पाहतील? राहू द्या. मला ठावं हाय, आता तुम्हालाबी ठावं झालं. पुष्कळ झालं."

तेवढ्यात बाहेरून हाका आल्या. पारावरचे तिघं जण आले होते, काका त्यात होते. जावई आलेत कळलं म्हणून भेटायला आले, म्हणाले. आम्ही ओट्यावर बसलो. बायकोच्या काकूनं चहा आणला. पाऊसपाणी, कांद्याचा बाजार, माझी नोकरी झाली, आणि मग त्यातल्या एकानं सरळ विषय काढला. "आबा, पुस्तकाचं आता पक्कं सांगा. प्रेसवाला विचारत होता. आज जावईबी हायत, त्यांच्यासमोरच होऊन जाऊ द्या."

माझ्या खिशात तो कागद होता. आबांनी वाचून मला परत दिलेला. उठायचीही गरज नव्हती, नुसता काढून पुढे करायचा होता. मी मनात वाक्य जुळवलं. चूक माझी होती, आबांची नाही. इतकंच वाक्य.

"पुस्तक नको," आबा म्हणाले. "डाव कच्चेच हायत माझे. जावईबापूंनी वेळेवर पाहिलं म्हणून बरं, नायतर छापून हसं झालं असतं. बुद्धिबळातलं त्यांना लय कळतं."

ते अगदी सहज बोलले. दोघांनी माना हलवल्या आणि कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं, पण त्यांचं पाहणं वेगळं होतं. पारावरचा डाव त्यांना आठवत होता आणि माझं पडलेलं तोंडही. ते काही बोलले नाहीत, कारण घरच्या जावयाला बाहेरच्यानं बोलायचं नसतं. ते फक्त थांबले. मला बोलायला वेळ देत होते, आणि तो वेळ एक मिनिटापेक्षा नक्कीच जास्त होता.

मी बशीत चहा ओतला आणि तो प्यायलो.